राजधानीच्या परसात खुराडे

श्रोतेहो, दिल्लीचा इतिहास म्हटला की मराठी माणसाच्या मनात दोन-तीन चित्रे उभी राहतात. एक पानिपतचे, एक महादजी शिंद्यांनी बादशहाला पुन्हा तख्तावर आणून बसवल्याचे, आणि एक स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचे. आज मी दिल्लीच्या ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यात तख्तही नाही आणि तलवारही नाही. त्यात आहे कोंबडी. आणि तिच्या निमित्ताने, घराच्या मागच्या अंगाला असणारे चार हातांचे परस.

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात सरोजिनी नगर नावाची सरकारी नोकरांची वसाहत आहे. समजा, या वसाहतीतील एखाद्या कुटुंबाने ठरवले की आपल्या क्वार्टरच्या परसात चार कोंबड्या पाळाव्यात. बातमी फुटायला वेळ लागत नाही. शेजारचे एक गृहस्थ हसतात, दुसरे नाक मुरडतात, आणि तिसरे सरळ विचारतात, "अहो, ही काय खेड्याची रीत? ही राजधानी आहे!" या प्रश्नामागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. कोंबडी खेड्याची, शहराचा आणि तिचा संबंध फक्त ताटापुरता, ही ती गोष्ट. ही समजूत कितपत खरी आहे, आणि खरी असेल तर ती कधीपासून खरी झाली, हे पाहणे हाच माझ्या भाषणाचा विषय.

प्रारंभ दिल्लीतच करू. फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या इमारतीवर एक गुळगुळीत पाषाणस्तंभ उभा आहे. तो मूळचा इथला नाही. आजच्या हरियाणातील टोपरा गावाहून चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकाने तो कापसात गुंडाळून, यमुनेतून नावांवर घालून दिल्लीला आणला. त्यावर काय लिहिले आहे हे सुलतानाला कोणी सांगू शकले नाही. ती लिपी उलगडली १८३७ साली, जेम्स प्रिन्सेपच्या हातून. आणि मग कळले की हे सम्राट अशोकाचे शब्द आहेत. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यानंतर काढलेली जी पाचवी स्तंभाज्ञा त्यावर कोरलेली आहे, तीत अवध्य प्राण्यांची मोठी यादी आहे. गाभण किंवा दुभत्या शेळ्या-मेंढ्या मारू नयेत, असे तीत आहे. ज्या कोंड्यात जीवजंतू आहेत तो जाळू नये, असेही आहे. आणि या दोहोंच्या मध्ये एक लहानसे वाक्य आहे: कोंबड्यांना खच्ची करू नये.

या एका वाक्यातून इतिहासाच्या अभ्यासकाला पुष्कळ कळते. कोंबडा खच्ची करणे हे कौशल्याचे आणि जोखमीचे काम आहे. ते करतो कोण? ज्याला पक्षी पोसून, लठ्ठ करून विकायचा आहे तो. खच्ची केलेला कोंबडा झुंजत नाही, अंगाने भरतो, त्याचे मांस मऊ राहते. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात कोंबडी केवळ दाराशी दाणे टिपणारी राहिलेली नव्हती. तिच्या मांसाला बाजार होता, आणि तो इतका मोठा होता की सम्राटाला त्याची दखल घ्यावी लागली. आज दिल्लीत उभ्या असलेल्या या प्राचीन लेखात कोंबड्याचा उल्लेख आहे, आणि तो त्याच्या दुःखाच्या संदर्भात आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कोंबडी पाळणाऱ्यावर एक नैतिक ऋण असते, ही जाणीव तेव्हाही होती.

पण कोंबडी माणसाच्या दारी आली कशी? याविषयीची आपली कल्पना अलीकडच्या काही वर्षांत पालटली आहे. कोंबडी सिंधूच्या खोऱ्यात माणसाळली असे पुष्कळ दिवस मानले जाई. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने तिचे मूळ नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातील तांबड्या रानकोंबड्यांत दाखवले. २०२२ साली जुन्या हाडांची नव्याने छाननी झाली, तेव्हा निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडातील बान नॉन वात या ठिकाणची ठरली. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० असा येतो. संशोधकांचे अनुमान असे की माणसाने भाताची आणि तृणधान्याची शेती सुरू केली, खळ्यावर दाणे सांडू लागले, आणि ते टिपायला रानकोंबड्या झाडांवरून खाली उतरल्या. गाय-घोडा माणसाने पकडून आणला. कोंबडी मात्र आपल्या पायांनी चालत आपल्या उकिरड्यापर्यंत आली. परस आणि कोंबडी यांचे नाते असे मुळापासूनचे आहे.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. पश्चिम घाटात फिरणाऱ्यांनी करड्या रानकोंबड्याची तुटक बांग ऐकली असेल. तांबड्या रानकोंबड्याहून ही जात वेगळी, आणि ती केवळ भारताच्या द्वीपकल्पाकडे आढळते. २००८ साली असे सिद्ध झाले की पाळीव कोंबडीच्या कातडीला आणि पायांना पिवळा रंग देणारा जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. युरोप-अमेरिकेच्या बाजारातील पिवळ्या पायांच्या कोंबडीतही आपल्या डोंगरांतला हा अंश आहे.

मराठी घरात कोंबडीने किती जागा व्यापली होती हे पाहायचे असेल तर भाषेकडे पाहावे. तिला कोंडायचे ते खुराडे, झाकायचे ते डालगे. अजून अंडी न घालणारी ती तलंग. अंडी घालायचे थांबवून उबवायला बसू पाहणारी ती खुडूक. मान वाकडी करून कळपच्या कळप नेणारा रोग तो मानमोडी. इतके शब्द उगाच तयार होत नाहीत. ते रोजच्या सहवासातून येतात. सर्वच घरांत कोंबडी होती असे नाही. पुष्कळ घरांत तिचा स्पर्शही वर्ज्य होता, आणि आजही आहे. पण जिथे ती होती, तिथे बहुधा ती घरधन्याच्या हिशेबात नसे. ती घरधनिणीची असे. बाजाराच्या दिवशी अंडी विकून आलेले चार पैसे मीठ-मिरचीला, मुलाच्या पाटीला, माहेरी जाण्याच्या भाड्याला उपयोगी पडत. घरात बाईच्या स्वतःच्या हातात राहणारे जे थोडे उत्पन्न होते, त्यांपैकी हे एक होते.

आता दिल्लीकडे वळू. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून इथे आणण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. मग फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले. स्वतंत्र देशाच्या कारभाराला कारकून, अधीक्षक, हिशेबनीस हवे होते, तेही देशाच्या कानाकोपऱ्यातून आले. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या सुमारे नऊ लाख अठरा हजार होती. १९५१ साली ती सतरा लाख चव्वेचाळीस हजारांवर गेली. या माणसांना घरे हवी होती. त्यासाठी नव्या दिल्लीच्या दक्षिणेला सरकारी वसाहती उभ्या राहू लागल्या. त्यांतील विनयनगर ही एक मोठी वसाहत. पुढे तिच्या निरनिराळ्या भागांना राष्ट्रपुरुषांची आणि राष्ट्रीय स्त्रियांची नावे मिळाली, आणि एका भागाला १९४९ साली निवर्तलेल्या सरोजिनी नायडूंचे नाव मिळून तो सरोजिनी नगर झाला.

या वसाहतींतील बैठी आणि दुमजली क्वार्टरे भपकेदार नव्हती. पण त्यांच्या आराखड्यात एक शहाणपण होते. पुढे थोडी मोकळी जागा, मागे छोटेसे परस. उन्हाळ्यात बाजा टाकून झोपायला, थंडीत उन्हात बसून लोकर विणायला, आणि आवड असेल तर तुळस, कढीपत्ता, अळू, मेथीचा वाफा लावायला हे परस पुरे. रत्नागिरीहून, अमरावतीहून, बेळगावहून बदलीवर आलेल्या माणसाला दिल्ली परकी वाटे. परसातली माती मात्र परकी वाटत नसे. क्वार्टर सरकारचे, नोकरी संपली की ते रिकामे करून द्यायचे. तरीही त्या चार हातांवर घरच्या बाईचे राज्य असे.

अशा परसात खुराडे ठेवणे हे त्या काळी सरकारच्या धोरणाला धरूनच होते. युद्धकाळात पुढारलेल्या देशांनीही हे केले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने भित्तिपत्रके लावून घरातील प्रत्येक माणसामागे दोन कोंबड्या पाळा असा उपदेश केला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जो आपल्या अंड्यांच्या शिधापत्रिकेवर पाणी सोडी, त्याला कोंबड्यांच्या खाद्याचा शिधा मिळे; लंडनच्या उपनगरांतही घरामागे खुराडी दिसू लागली. आपल्याकडे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, १९५७ साली, कुक्कुटविकासाचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घाली. म्हणून व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या विलायती जातींची पिल्ले वाढवून लोकांपर्यंत पोचवायची, असा त्याचा रोख होता. लोकांनी कोंबड्या पाळाव्या, दोन पैसे मिळवावे, मुलांना प्रथिने द्यावी, हाच त्यामागचा विचार.

मग असे काय झाले की दहा-वीस वर्षांतच कोंबडी घराकडून कारखान्याकडे गेली? पहिले कारण रोग. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे एका भयंकर साथीची नोंद झाली आणि त्या गावाचे नाव त्या रोगाला कायमचे चिकटले. आपली मानमोडी ती हीच. चाळिसाच्या दशकात मुक्तेश्वरच्या संशोधनसंस्थेत तिच्यावर लस तयार झाली. पण लस एका कुपीत शेकडो पक्ष्यांची येते; ज्याच्याकडे पाच हजार पक्षी आहेत त्याला ती स्वस्त पडते, आणि ज्याच्याकडे पाच आहेत त्याला मिळवणेही जड जाते. दुसरे कारण वाण. संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. पण ती उबवायला बसत नाही. तिचे पिल्लू विकतच आणावे लागते. तिसरे कारण खाद्य. उष्ट्या भाकरीच्या तुकड्यांवर तीनशे अंडी निघत नाहीत; मका, पेंड, चुना यांचे प्रमाण सांभाळावे लागते.

या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या त्या ठिकाणांत आपले पुणे अग्रभागी आहे. बंडा वासुदेव राव यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा पसारा पुढे पुण्यातून देशभर गेला, आणि १९८२ साली अंडी उत्पादकांनी आपला भाव आपण ठरवण्यासाठी राष्ट्रीय समन्वय समिती उभारली. त्याचे फळ लहान नाही. १९५०-५१ साली देशात सुमारे १८३ कोटी अंडी निघत, म्हणजे माणशी वर्षाला पाच. २०२२-२३ साली हा आकडा १३,८३८ कोटींवर, माणशी एकशे एक अंड्यांवर गेला. जे अंडे आजाऱ्यासाठी राखून ठेवले जाई ते मजुराच्या ताटात आले. हे यश आहे, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण याच काळात शहरातल्या मुलाला कोंबडी दिसेनाशी झाली. अंडे तेवढे दिसू लागले.

असे असूनही परसातली कोंबडी संपली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील सुमारे पंच्याऐंशी कोटी पक्ष्यांपैकी जवळजवळ बत्तीस कोटी परसातले निघाले, आणि त्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक वाढलेली होती. तेव्हा सरोजिनी नगरातले आपले कुटुंब काही अजब करू पाहत नाही. मात्र त्याने काही गोष्टींचा विचार आधी केला पाहिजे, कारण इतिहास हौसेला उत्तर देतो तसा जबाबदारीचा हिशेबही मागतो.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही; तो लागतो पिल्लांसाठी. शहरात कोंबडा न ठेवणे हेच शहाणपण. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. २०१३ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कोंबडे मंद उजेडात कोंडले तरी ते आपल्या आतल्या घड्याळाप्रमाणे पहाटेपूर्वी आरवतेच. फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या एका कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजारी न्यायालयात गेले. २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. पण तो एका बेटावरच्या गावातला कोंबडा होता. भिंतीला भिंत लागलेल्या क्वार्टरांत शेजाऱ्याच्या झोपेचा मान राखावाच लागेल.

कोंबडीला खुराड्यात तीन-चार चौरस फूट जागा, रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य, आणि धुळीत लोळायला कोरडी माती हवी. तिला घाम येत नाही. दिल्लीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर गेला की ती चोच उघडून धापा टाकते, म्हणून सावली आणि गार पाणी हा तिचा हक्क समजावा. तिचे अंडे उजेडावर अवलंबून असते. चौदा तासांचा उजेड मिळाला तर ती भरात असते. दिल्लीत डिसेंबरचा दिवस सव्वादहा तासांचा, तेव्हा अंडी घटली तर तिला दोष देऊ नये. रात्री मांजर-मुंगुसापासून खुराडे बंद करावे, आणि लस चुकवू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूची देशातील पहिली साथ आली तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीत कावळे मरून पडले आणि गाझीपूरचा कोंबड्यांचा बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. अशा वेळी पाच कोंबड्यांचा धनीही सरकारी सूचनांपासून सुटत नाही.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो अशोकाच्या त्या वाक्याशी येऊन भिडतो. कोंबडी दोन-तीन वर्षे चांगली अंडी देते. ती जगू शकते त्याहून कितीतरी अधिक. मुलांनी जिला नाव ठेवले, जी हाक मारताच धावत येते, तिचे म्हातारपणी काय करायचे? कारखान्यात हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे कोंबडीला नाव नसते. परसात तो पडतो. याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या रीतीप्रमाणे द्यावे. पण प्रश्न पडणे हेच शिक्षण आहे. अन्न कुठून येते आणि त्यासाठी कोणाचा जीव खर्ची पडतो, हे पाठ्यपुस्तकापेक्षा खुराड्यात लवकर कळते.

आणि तरीही, श्रोतेहो, खरी अडचण वेगळीच आहे. ज्या परसाच्या भरवशावर आपण बोलत आहोत ते परसच जात आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरोजिनी नगरासह दिल्लीतील सात सरकारी वसाहती नव्याने बांधण्याचे ठरवले. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे असा तो संकल्प. बैठी क्वार्टरे पाडून उंच इमारती उभ्या करायच्या. घरांची वाण असलेल्या शहरात या हिशेबाला नाव ठेवणे सोपे नाही; ज्याला घर मिळत नव्हते त्याला ते मिळणार आहे. २०१८ च्या जूनमध्ये या कामासाठी झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा नागरिक झाडांना कवटाळून उभे राहिले आणि प्रश्न उच्च न्यायालयात गेला. झाडांच्या बाजूने बोलायला माणसे होती, कारण झाड मोजता येते, ते रस्त्यावरून दिसते, ते सर्वांचे असते. परस मोजले गेले नाही. ते कोणा एकाचे, घराच्या पाठीमागचे, आणि तेही तात्पुरते. त्याच्या नावाने कोणी फलक धरला नाही.

म्हणून आरंभीच्या त्या शेजाऱ्याला मी असे उत्तर देईन. कोंबडी ही खेड्याची रीत नाही. ती परसाची रीत आहे. जिथे घराला थोडी माती आहे, उष्टे-खरकटे टाकायला कोपरा आहे आणि घरच्या बाईला स्वतःच्या निर्णयाने वापरता येईल अशी जागा आहे, तिथे ती तीन हजार वर्षे राहिली, मग ते गाव असो की राजधानी. शहराने तिला हाकलले असे वाटते. प्रत्यक्षात शहराने आपल्या पायाखालची माती सोडली, आणि कोंबडी मातीबरोबर गेली.

नव्या इमारती बांधणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. पंचवीस हजार घरे उभी करताना, मोटारी ठेवायला जागा राखता, तशी प्रत्येक समूहाच्या पायथ्याशी थोडी सामाईक माती राखा. कोणी तिथे मेथी लावील, कोणी लेकरांना खेळायला सोडील, आणि पाच-सहा कुटुंबे मिळून एखादे खुराडे ठेवतील. पाळी लावून दाणे घालतील, पाळीने अंडी नेतील, आणि एखादी कोंबडी खुडूक झाली तर काय करावे हे एकमेकांना विचारतील. ज्यांनी एकाच जिन्यात राहून एकमेकांची नावे विचारली नव्हती, ती माणसे त्या निमित्ताने बोलू लागतील. परसाने इतकी वर्षे जे काम गुपचूप केले, ते सामाईक परस उघडपणे करील.